मागे पडतो म्हणून शर्यत सोडू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ३७ वर्षांचा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहतो, वेर्ण्याच्या औषध कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. घरी आई, बायको आणि सात वर्षांची मुलगी. दोन हंगाम झाले, कोईम्बतूरच्या कारी ट्रॅकवर नवोदितांच्या गटात भाड्याची फॉर्म्युला गाडी (एकआसनी, उघड्या चाकांची) घेऊन उतरतो. सोबतची बहुतेक मुलं सतरा-अठरा वर्षांची, गो-कार्टवर वाढलेली. पहिल्या वर्षी मी पहिल्या गाडीपेक्षा लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, आठ सेकंद मागे होतो, यंदा साडेचार. तरी येतो शेवटच्या तिघांतच. यंदा एका शर्यतीत पुढची गाडी घसरली, मी घाबरून वळणातच ॲक्सिलरेटर सोडला आणि माझी गाडी गर्रकन फिरली. थांबली असं वाटून ब्रेक सोडला, तर ती मागे घरंगळत ट्रॅकवर आली आणि मागून येणारा येऊन आदळला. मला खरचटलंही नाही, पण गाडीचं नुकसान मला भरून द्यावं लागलं. तेव्हापासून शर्यतीचा आठवडा आला की बायकोला झोप लागत नाही. त्यातच हंगामातल्या शर्यतींचा एक राउंड गणेश चवथीत आला, मी मूळ घरी गेलो नाही, आई अजून धड बोलत नाही. आता बंगळुरूचे एकजण ट्रॅकसाठी तयार केलेली जुनी हॅचबॅक विकताहेत. स्वतःची गाडी असली की सराव वाढेल असं वाटतं, पण त्यासाठी मुलीच्या नावाची ठेव मोडावी लागेल. मित्र म्हणतात, एवढा खर्च कशाला, मोपा विमानतळाच्या जोडरस्त्यावर रात्री सराव कर. गाडी घ्यावी, की या वयात हे वेड सोडून द्यावं? (नुकसानीचा खरा आकडा बायकोला सांगितलेला नाही. निम्मा सांगितला आहे.)

सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रश्न विचारलात गाडीचा आणि वयाचा. पत्राच्या शेवटी कंसात जे लिहिलंत, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी वेगाचं बोलू. तुम्ही संथ आहात असं तुम्ही धरून चालला आहात आणि बाकीचे सगळे प्रश्न त्या एका समजावर उभे आहेत.

आठ सेकंदांचे साडेचार झाले. नोकरी सांभाळून, सुट्ट्या जुळवून, साडेसातशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून मोजके शनिवार-रविवार तुम्हाला ट्रॅकवर मिळाले आणि तेवढ्यात तुम्ही जवळजवळ निम्मं अंतर कापलंत. ही गोष्ट पत्रात अर्ध्या ओळीत येते आणि ‘तरी शेवटच्या तिघांतच’ याचा सल मात्र पत्रभर आहे. ज्या मुलांशी तुम्ही स्वतःला ताडून पाहता, त्यांच्यातल्या कित्येकांचं घर ट्रॅकपासून तासाभरावर असतं. कोईम्बतूर हे या खेळाचं गावच आहे. भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन तिथलेच, २००५ साली ते त्या शर्यतींत उतरले. तुम्ही ज्या ट्रॅकवर धावता तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून एकआसनी शर्यतीची गाडी बनवली होती, सर्वसाधारण माणसाच्या खिशाला हा खेळ थोडा तरी परवडावा म्हणून. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. आज नवशिके ज्या फॉर्म्युला एलजीबी गाड्यांत बसतात, त्यांत स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन असतं, ते त्याच विचारातून. हा सगळा डोलारा हौशी माणसांनी हौशी माणसांसाठी उभा केला आहे. तिथे ३७ वर्षांचा, नोकरदार, मागून तिसरा येणारा माणूस उपरा नाही.

तुम्ही फोंड्याकडचे, म्हणजे देवळांच्या उत्सवातली नाटकं बघत मोठे झालात. दिवसभर बँकेत किंवा दुकानात बसून माणसं रात्री तालमीला जातात, पदरचे पैसे घालतात, आणि एका रात्री गावासमोर उभी राहतात. मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर कधी जाणार असं त्यांना कोणी विचारत नाही. ‘गाडी घेऊन पुरता उतरू की सोडून देऊ’ हे तुमचे दोनच पर्याय वाचून मला तेच विचारावंसं वाटलं: एवढ्या टोकाचे दोनच का? वर्षातून दोन-तीनदा जावं, जीव ओतून गाडी चालवावी, घरी यावं, सोमवारी शिफ्टला जावं, हे आयुष्य कोणत्याच अर्थाने अपुरं नाही. उत्सवातले नट तालीम मात्र चुकवत नाहीत, आणि तुमच्या बाबतीत खरी उणीव तिथे आहे असं मला वाटतं.

आता उरलेले साडेचार सेकंद कुठे आहेत ते पाहू. नवा चालक वेळ शोधतो ब्रेकमध्ये. पुढचा उशिरा ब्रेक मारतो म्हणून आपणही उशिरा मारतो, वळणात नको तितक्या वेगाने शिरतो, गाडी बाहेर ढकलली जाते, आणि सरळ रस्ता लागला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची हिंमत होत नाही. तिथे गमावलेला वेग मग पूर्ण सरळ पट्टाभर मागे राहतो. म्हणून उलट करून पाहा. ज्या वळणानंतर सर्वांत लांब सरळ पट्टा आहे, ते एकच वळण निवडा. तिथे थोडा लवकर ब्रेक मारा, नजर वळणाच्या आतल्या टोकावरून लगेच बाहेर पडायच्या जागेकडे न्या, आणि स्टिअरिंग जसं सरळ होत जाईल तसा ॲक्सिलरेटर दाबत जा. ब्रेकमध्ये गेलेला थोडासा वेळ सरळ पट्ट्यावर व्याजासकट परत येतो. सरावाचं एक अख्खं सत्र त्या एका वळणासाठी द्या.

आणि सर्वांत जलद लॅप बघणं काही दिवस बंद करा. सलग दहा लॅपच्या वेळा वहीत लिहा. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लॅपमध्ये दोन सेकंदांचा फरक असेल, तर तुम्ही अजून गाडी चालवत नाही, गाडी तुम्हाला चालवते आहे. तो फरक अर्ध्या सेकंदाच्या आत आला की वेग आपोआप वाढायला लागतो, कारण मग एखादा बदल करून त्याचा परिणाम घड्याळात दिसतो. हेल्मेटच्या उंचीला लावलेल्या छोट्या कॅमेऱ्याचं चित्रण घरी बसून पाहा. एखाद्या अनुभवी चालकाला एका सत्राचे पैसे देऊन तेच चित्रण सोबत पाहायला बसवलंत, तर टायरच्या नव्या जोडीपेक्षा जास्त शिकाल. अंगात ताकद हवी हेही लक्षात ठेवा. तमिळनाडूच्या उन्हात जाड सूट घालून हृदयाचे ठोके दीडशेच्या पुढे जातात आणि शेवटच्या लॅपमधल्या चुका बहुतेकदा थकव्याच्या असतात. मानेचे व्यायाम, रोजचं चालणं-धावणं आणि आदल्या दिवसापासून भरपूर पाणी, एवढं तर फोंड्यात बसून जमतं.

तुमचा अपघातही याच नजरेने पाहा. तो नशिबाचा भाग नव्हता. वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात, त्यांची पकड सुटते आणि गाडीची शेपटी पुढे यायला बघते. घाबरल्यावर पाय वर उचलणं ही शरीराची सवय आहे आणि ती सरावानेच मोडते: पाय उचलायचा तोही हळू, आणि शक्यतो चाकं सरळ असताना. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गाडी फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरायचे आणि गाडी संपूर्ण थांबून आजूबाजूचा अंदाज येईपर्यंत सोडायचे नाहीत. ब्रेक धरलेला असला की तुमची गाडी एका ठरावीक दिशेने घसरत जाते आणि मागच्यांना तुम्हाला चुकवता येतं. तुम्ही ब्रेक सोडलात, तिथे त्यांचा अंदाज चुकला. ही शिकण्यासारखी गोष्ट आहे आणि तुम्ही ती शिकाल. या प्रसंगावरून ‘माझं वय झालं’ असा निष्कर्ष काढू नका.

आता ती हॅचबॅक. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका.

ठेव मुलीची आहे, हे कारण एकटंच पुरेसं आहे. पण समजा ठेवीला हात न लावता पैसे उभे राहिले, तरीही मी नकोच म्हणेन. तुम्ही आजवर शिकलात ते मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या, उघड्या चाकांच्या हलक्या गाडीवर. हॅचबॅकला ताकद पुढच्या चाकांना, तिचं वागणं निराळं, गटही निराळा. मिळवलेले साडेतीन सेकंद बाजूला ठेवून पुन्हा पाटी पुसायची. शिवाय आतून रोल केज (गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून लावलेला लोखंडी सांगाडा) बसवलेली, सीट काढलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ रचनेपलीकडे फेरफार करायला मनाई आहे. म्हणजे दर वेळी ती ट्रकवर चढवून ट्रॅकपर्यंत न्यायची आणि परत आणायची. उरलेले दिवस ती फोंड्याच्या पावसात कुठे ठेवणार? चार महिने उभी राहिलेली गाडी इथल्या दमट हवेत ब्रेकपासून वायरिंगपर्यंत गंजते. टायर, मेकॅनिक, सुटे भाग हे सगळं तुमच्या डोक्यावर येईल आणि ट्रॅकवरचा वेळ एका मिनिटानेही वाढणार नाही, कारण ट्रॅक तुमच्यापासून आहे तेवढाच लांब राहतो. भाड्याच्या गाडीत निदान मेकॅनिक त्यांचा, टेम्पो त्यांचा. त्या पैशांचा दहावा हिस्सा सरावाची जादा सत्रं आणि प्रशिक्षक यांवर घाला. भाड्याचा करार करताना मात्र नुकसान झालं तर किती भरावं लागेल, त्याला वरची मर्यादा आहे का, आणि दुसऱ्याच्या चुकीने धडक बसली तर काय, हे लेखी घ्या. तुमच्या पत्रावरून ते घेतलेलं दिसत नाही, आणि असे पुष्कळ जण असतात.

मोपाच्या रस्त्याबद्दल मित्रांना तोंडावर नाही म्हणा. हा सल्ला त्यांनी थट्टेत दिला असला तरी नाही म्हणा. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत गोव्याच्या रस्त्यांवर दर वर्षी अडीचशेहून जास्त माणसं गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारीच्या पुलावर एका भरधाव गाडीने तिघांचा जीव घेतला, ते तुमच्याच तालुक्याच्या वाटेवर. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर कलम १८९ खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, धोक्याचा पिवळा झेंडा दाखवायला माणूस उभा असतो, रुग्णवाहिका तयार असते. जोडरस्त्यावर यातलं काहीच नसतं. शिवाय तिथे शिकायलाही काही मिळत नाही. सरळ रस्त्यावर पाय दाबून धरणं हे कौशल्य नव्हे, ते तुम्हाला आधीच येतं.

आता तो कंस.

बायको तुमच्या शर्यतीच्या विरुद्ध आहे, असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. तिला झोप लागत नाही, असं लिहिलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला वाटतं त्या तुमच्या मनात एक होऊन बसल्या आहेत. तिला माहीत आहे की धडक झाली. ‘काही झालं नाही’ असं तुम्ही म्हणालात हेही तिला माहीत आहे. आणि ज्या माणसासोबत ती इतकी वर्षं संसार करते आहे, तो काहीतरी निम्मं सांगतोय हे तिला कळत नसेल असं समजू नका. न सांगितलेल्या गोष्टीची भीती सांगितलेल्या गोष्टीपेक्षा मोठी होते. तिच्या जागरणाचा किती भाग अपघाताचा आणि किती भाग या लपवाछपवीचा, हे तुम्हालाही सांगता येणार नाही, खरा आकडा सांगेपर्यंत.

तेव्हा तो सांगा. पूर्ण सांगा, एकाच वेळी सांगा. त्याबरोबर दोन हंगामांचा सगळा खर्च लिहून तिच्यासमोर ठेवा: प्रवेश फी, परवाना, गाडीचं भाडं, प्रवास, राहणं, बुडालेल्या रजा, नुकसान. ‘तुझी काळजी वाढू नये म्हणून सांगितलं नाही’ हे वाक्य टाळा. ते खरं असलं तरी तिच्या हाती त्यातून काही पडत नाही. ती रागावेल. रागावू दे. त्या दिवशी पुढच्या हंगामाचं नाव काढू नका.

नंतर, ती तयार असेल तेव्हा, तिला या खेळातल्या धोक्याबद्दल खरं सांगा, दोन्ही बाजूंनी. सहा पट्ट्यांचा बेल्ट दाखवा, आग न पकडणारा सूट दाखवा, मोटारसायकलचं हेल्मेट इथे का चालत नाही ते सांगा. मान आणि डोकं धरून ठेवणारं हॅन्स नावाचं साधन २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचं झालं आणि पुढे इतर शर्यतींतही पसरलं, तुम्ही ते वापरता का तेही सांगा. वापरत नसाल तर आधी ते घ्या, बाकी सगळं मागाहून. आणि हेही सांगा की धोका शून्य होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर के. ई. कुमार हे जुने, अनुभवी चालक शर्यतीतल्या अपघातात वयाच्या ५९ व्या वर्षी गेले. हे तिला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे, दुसऱ्या कोणाकडून नव्हे. सगळं ऐकल्यावर ती जे म्हणेल त्याला वजन असेल, कारण तेव्हा ती पूर्ण माहितीवर बोलत असेल.

विम्याची कागदपत्रंही दोघांनी मिळून वाचा. गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. अपघात विम्यातही बऱ्याचदा तसंच असतं, आणि आयुर्विमा घेताना अशा छंदाची माहिती अर्जात विचारतात. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते कंपनीकडून लेखी मागवा. घरात सात वर्षांचं मूल असलेल्या कोणत्याही हौशी चालकाने पहिल्या शर्यतीआधी हे काम करायला हवं.

जमलं तर एकदा तिला सोबत न्या, शर्यतीच्या दिवशी नको, सरावाच्या दिवशी. मडगावहून रेल्वेने शोरणूर, तिथून पुढे कोईम्बतूर, मुलीलाही मजा वाटेल. दिवसभर गाड्या सुटताना, थांबताना, मेकॅनिक टायर बदलताना पाहिल्या की ‘रेसिंग’ या शब्दाने डोळ्यांपुढे येणारं चित्र बरंच बदलतं.

आईचं सोपं आहे. चवथीला मूळ घरी तुम्ही हवेत. हंगामाचं वेळापत्रक हाती आलं की आधी पंचांग शेजारी ठेवा आणि त्या दिवसांतला राउंड सोडून द्या. यावर वाद घालू नका. या वर्षीचं मात्र स्वतः जाऊन बोला, फोनवर नको.

तुमच्यासारख्या इतरांसाठीही थोडं लिहिते. ट्रॅकवर शर्यत हा या खेळाचा एकच दरवाजा नाही. ऑटोक्रॉसमध्ये मातीच्या मोकळ्या जागेवर आखलेल्या वाटेवर घड्याळाविरुद्ध गाडी चालवायची असते, खर्च पुष्कळ कमी, आणि घसरणारी गाडी सावरायला शिकायचं तर मातीसारखा गुरू नाही. टीएसडी रॅलीत तर वेग महत्त्वाचाच नसतो: दिलेल्या सरासरी वेगाने, दिलेल्या वेळेला ठिकाणावर पोचायचं, लवकर पोचलात तरी दंडाचे गुण. त्यात शेजारी बसून नकाशा आणि घड्याळ सांभाळणाऱ्या नॅव्हिगेटरवर निम्मी स्पर्धा असते आणि कित्येक जोडपी एकत्र उतरतात. तुमच्या बायकोला आकडेमोड आवडत असेल तर विचारून पाहा, आग्रह नको. कुठेही उतरा, स्पर्धा एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेली आहे ना आणि तुमचा परवाना त्या प्रकारासाठी चालतो ना, एवढं आधी तपासा. ‘आपली आपण शर्यत’ कोणी कितीही चांगल्या जागी भरवली तरी जाऊ नका.

राहिला पुढचा हंगाम. बंगळुरूला फोन करून गाडी नको असं याच आठवड्यात कळवा, म्हणजे तो विषय तुमच्या डोक्यातून आणि घरातून जाईल. मग आकडा सांगा. त्यानंतर बसून वर्षाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा, जी बुडाली तरी घरात कशाला कात्री लागणार नाही, आणि त्या रकमेत किती राउंड बसतात ते पाहा. दोनच बसले तर दोन. बायको म्हणाली एक वर्ष थांब, तर एक वर्ष थांबा. परवाना पुन्हा काढता येतो, आणि त्या वर्षात ट्रॅकवर जायचंच असेल तर मार्शल म्हणून जा. क्लबांना झेंडे धरायला, वळणावर उभं राहायला माणसं लागतात, ती कामं शिकवतातही. वळणाच्या आतल्या बाजूला दिवसभर उभे राहिलात की कोण कुठे ब्रेक मारतो आणि कोण कुठे पाय उचलतो हे इतकं स्वच्छ दिसतं, जितकं गाडीत बसून कधीच दिसत नाही. हंगाम सुरू व्हायच्या दोन महिने आधी आयोजक क्लबला पत्र लिहा.